सातांचा शब्द

सरकारने क्यूलेनबाख हे गाव हासेलरोटच्या ग्रामपंचायतीला जोडलं, तेव्हा क्यूलेनबाखकरांनी बरंच काही निमूटपणे सोडलं. शाळा गेली, सरपंच गेला, वेशीवरच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली हासेलरोटचं शेपूट आलं. हासेलरोटवाल्यांना काय, त्यांना पहिल्यापासून सगळं आपल्या नावावर करायची हौस. आजूबाजूची आणखी तीन गावं त्यांनी अशीच गिळली आणि ढेकरही दिली नाही. पण एक गोष्ट त्यांना नेता आली नाही. गावचे सातजण गावातच राहिले.

सातजण म्हणजे शेताच्या हद्दीचे दगड रोवणारे. एकदा शपथ घेतली की मरेपर्यंत सुटका नाही. एक मेला की उरलेले सहा मिळून सातवा निवडतात, आणि त्याला ती गोष्ट सांगतात. दगड रोवताना त्याच्या खाली हे लोक काहीतरी पुरतात, ठरावीक पद्धतीने मांडून. तीच खूण. दगड खरा की कुणी सरकवलेला हे त्या खुणेवरून कळतं. खूण कशाची आणि मांडायची कशी, हे बायकोला सांगायचं नाही, मुलाला सांगायचं नाही, चर्चमध्ये पाद्रीबाबांपुढे पापं कबूल करतानाही सांगायचं नाही. ती इथं लिहिण्यासारखी असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. आणखी एक नियम होता, आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. सातांपैकी कुणीही एकट्याने दगडाला हात लावायचा नाही. एकटा माणूस पहार घेऊन दगडाशी दिसला, तर तो चोर. मग तो सातांतला असो नाहीतर सरपंच असो.

वेंडेलिन हार्टलाउब सातवा झाला तो बुर्कार्डच्या मरणानंतर. बुर्कार्ड म्हणजे वालबुर्गाचा नवरा, नदीकाठच्या कुरणाचा मालक, तोंडाने फटकळ पण शब्दाचा पक्का. त्याच्या जागी वेंडेलिनचं नाव सुचवलं ते सातांच्या म्होरक्याने, किलियान रेबहानने. बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्या वेंडेलिनला याच किलियानने हातात धरलं होतं. वेंडेलिनचा बाप गेल्यावर बैल विकू नकोस म्हणून सांगायला हाच आला होता. किलियानला मूलबाळ नव्हतं. त्याचं कुरण वेंडेलिनच कसायचा, त्यावर आपल्या गाई सोडायचा, आणि पुढेमागे ते कुरण त्याचंच होणार हे गावात सगळे धरून चालले होते. वेंडेलिनही.

त्या उन्हाळ्यात, गवताची दुसरी कापणी झाल्यावर, वालबुर्गाने सातांना बोलावलं.

तिचं कुरण किलियानच्या कुरणाला लागून होतं आणि मधल्या हद्दीवर, तिच्या बाजूला, एक झरा होता. झऱ्याखाली दगडी डोण. तिच्या पाचही गाई तिथंच पाणी प्यायच्या. वालबुर्गा महिनाभर बहिणीकडे जाऊन आली तेव्हा गाई भावाच्या गोठ्यात होत्या, कुरण ओस होतं. परत येऊन बघते तो हद्दीचा दगड झऱ्याच्या अलीकडे. झरा आणि डोण दोन्ही किलियानच्या कुरणात. दगड तोच, त्यावरचं शेवाळ तेच, फक्त चालत आल्यासारखा.

तिने भांडण केलं नाही. रीतीप्रमाणे सातांना बोलावलं, म्हणजे ज्याच्यावर संशय त्यालाच न्यायाला बसवलं. पण क्यूलेनबाखमध्ये दुसरी रीतच नव्हती, आणि वालबुर्गा बुर्कार्डची बायको होती. नवऱ्याने जन्मभर पाळलेल्या रीतीवर तिचा विश्वास होता.

सातजण आले. वालबुर्गा रीतीप्रमाणे दूर जाऊन पाठ करून उभी राहिली. उर्बान लोहाराने दगड कलता केला. या उर्बानच्या दंडात अजून रेड्याची ताकद होती. किलियान गुडघ्यांवर बसला आणि हातांनी माती बाजूला केली. खूण होती. जशी हवी तशी, जिथे हवी तिथे. पण वेंडेलिनने आणखीही पाहिलं. माती भुसभुशीत होती. आणि खुणेच्या एका बाजूला, मातीत दबलेलं, क्लोव्हर गवताचं एक पान होतं. हिरवं. अजून पिवळंही न पडलेलं.

त्याने मान वर केली. सगळे ते पान बघत होते. उर्बान बघत होता, बाकीचे बघत होते. मग किलियानने सावकाश त्यावर माती ओढली.

नंतर विचारणा झाली. सातांचा निकाल एकमुखी लागतो. म्होरक्या एकेकाला नावाने विचारतो आणि प्रत्येकाने मोठ्याने उत्तर द्यायचं असतं, पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल असं. उर्बान म्हणाला, बरोबर. दुसरा म्हणाला, बरोबर. तिसरा, चौथा, पाचवा. एकजणही अडखळला नाही.

"वेंडेलिन," किलियान म्हणाला, "दगड बरोबर आहे?"

वेंडेलिनच्या मनात त्या क्षणी बरंच काही येऊन गेलं असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. शपथ आली, दगडाखाली पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही हा नियम आला. सातांतला एक जरी फुटला तर गावातल्या एकाही दगडावर कुणाचा भरवसा राहणार नाही, हेही आलं. पण खरं सांगायचं तर त्याला फक्त किलियानचा चेहरा दिसला, आणि ते कुरण.

"बरोबर," तो म्हणाला.

वालबुर्गा वळली. जाताना तिने वेंडेलिनकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली, आपलीच चूक झाली असेल असं एखाद्याने कबूल करावं तशी. तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

त्यानंतर वालबुर्गा घरच्या नळाचं पाणी बादल्यांनी हातगाडीवर घालून कुरणात न्यायला लागली. साठीची बाई, चढाचा रस्ता, पाच गाई. वेंडेलिनच्या गाई मात्र डोणीत तोंड घालून निवांत पाणी प्यायच्या. त्याची बायको ओटिली एकदा म्हणाली, वालबुर्गामावशीच्या दोन बादल्या आपल्या ट्रॅक्टरवरून नेल्या तर काय बिघडेल. वेंडेलिन खेकसला. मग रात्रभर कूस बदलत राहिला. सप्टेंबरात तिने दोन गाई विकल्या, आणि तिसऱ्या गाईचं गिऱ्हाईक हासेलरोटहून येऊन बघून गेलं. गाई संपल्या की कुरण ठेवून करायचं काय, असं ती बेकरीत कुणाला तरी म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं.

वेंडेलिनला हे सगळं थांबवायचं होतं. झरा तिचा तिला परत मिळायला हवा, शेवटची गाय विकली जायच्या आत. एवढं त्याने मनाशी धरलं होतं. फक्त ते आपल्या तोंडून निघावं लागू नये अशीही त्याची इच्छा होती. माणसाचं हे असंच असतं, आणि वेंडेलिन काही जगावेगळा नव्हता.

इकडे सातजण त्याच्याशी भलतेच गोड वागू लागले. आधी तो गुत्त्यात दाराजवळ बसायचा. आता भट्टीशेजारच्या त्यांच्या टेबलावर त्याला जागा करून दिली जाऊ लागली, कुणीतरी त्याच्यापुढे बिअर सरकवायचं. त्याला ते आवडतही नव्हतं आणि उठवतही नव्हतं. एका संध्याकाळी बाकीचे पत्त्यांत गुंतले असताना उर्बान त्याच्याकडे झुकला. त्याच्या अंगाला जळक्या खुरांचा वास येत होता.

"पहिल्यांदा घशात अडकतं," तो म्हणाला. "माझंही अडकलं होतं. मग जातं खाली."

पहिल्यांदा. वेंडेलिन घरी जाताना वाटेतले दगड बघत गेला. लहानपणापासून पाहिलेले, ज्यांवर बसून त्याने भाकरी खाल्ली होती ते दगड. आता त्यांतल्या एकाचीही त्याला खात्री देता येईना. गावात म्हातारे सांगायचे की दगड सरकवणारा मेल्यावरही सुटत नाही, पेटता दगड छातीशी धरून शेतातून हिंडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, हा कुठे ठेवू? वेंडेलिन यावर नेहमी हसायचा. त्या संध्याकाळी त्याने कुरणाकडे न बघता वाट कापली.

ऑक्टोबरच्या मध्यावर हासेलरोटहून बातमी आली. सगळ्या पाच गावांची जमीन नव्याने मोजायची. मोजणीवाले त्यांची दुर्बिणीची यंत्रं घेऊन नोव्हेंबरात येणार, आणि सुरुवात क्यूलेनबाखच्या नदीकाठापासून. तिथल्या सरपंचांनी सातांनाही मदतीला यायला सांगितलं होतं. त्या दिवशी भट्टीशेजारच्या टेबलावर पत्ते वाटले गेले पण कुणी खेळलं नाही. यंत्राला शपथ नसते. झऱ्याजवळचा दगड नकाशात बसणार नाही, आणि दगडाखाली खूण मात्र अचूक निघेल. मग खूण कुणाला ठाऊक, हा प्रश्न मोजणीवाल्यांना नसला तरी गावाला पडणारच होता.

वेंडेलिनला उलट हायसं वाटलं. दुसऱ्याच दिवशी तो किलियानकडे गेला.

म्हातारा स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून अक्रोड फोडत होता. वेंडेलिनने टोपीही काढली नाही.

"काका, मोजणीवाले यायच्या आत मी बोलणार आहे."

"कुणाशी?"

"वालबुर्गामावशीशी. तोंडावर सांगणार."

किलियानने एक अक्रोड फोडला, गर काढून त्याच्यापुढे ठेवला. लहानपणी ठेवायचा तसाच. "दगडाखाली काय पाहिलंस ते सांगणार? शपथ मोडणार?"

"खुणेचं कशाला सांगू? तुम्ही दगड हलवलात, एवढंच सांगेन."

म्हाताऱ्याने अक्रोडाची टरफलं बाजूला सारली. मग त्याचे डोळे भरून आले. वेंडेलिनने त्याला याआधी रडताना पाहिलं नव्हतं, बायकोच्या मयतातसुद्धा नाही.

"हलवला," किलियान म्हणाला. "उर्बानला हाताशी घेऊन हलवला. कुणासाठी रे? मी त्या झऱ्याचं पाणी अजून किती दिवस पिणार आहे?"

वेंडेलिन खाली बसला. पुढचं सगळं किलियानच बोलला, हळू आवाजात, थांबत थांबत. चूक झाली, म्हणाला. दगड जुन्या जागी गेला की मोजणी बिनबोभाट पार पडेल, वालबुर्गाला झरा मिळेल, सातांचं नावही राहील, कुणाचीच मान खाली जायला नको. पण उर्बान आता ऐकणार नाही. आणि माझ्या हातांत कपही ठरत नाही, पहार कुठली ठरायला. तूच कर, म्हणाला. सर्वसंतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, दुपारी सगळं गाव वर कब्रस्तानात असतं. खाली कुरणात चिटपाखरू नसतं. खूण नीट उचल, जुन्या खड्ड्यात नीट मांड.

"एकट्याने हात लावायचा नाही ना, काका?"

"मी सांगतोय ना. म्होरक्या मी आहे."

निघताना म्हाताऱ्याने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. हात कोरडे होते, आणि कापत नव्हते. वेंडेलिनच्या ते लक्षात आलं, पण त्याने ते मनावर घेतलं नाही. वाटेत तो शीळ घालत होता, कित्येक आठवड्यांनी.

सर्वसंतांच्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. जेवणं झाली, लोक काळे कोट घालून, शेवंतीच्या कुंड्या आणि मेणबत्त्या घेऊन टेकडीवर निघाले. ओटिलीला त्याने सांगितलं, गाय आजारी आहे, मागून येतो. आईबापाच्या कबरीपाशी त्या दिवशी उभा न राहणारा माणूस क्यूलेनबाखमध्ये आजवर झाला नव्हता. ओटिलीने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण चर्चची घंटा सुरू झाली होती.

कुरणात काही दिसत नव्हतं. झऱ्याचा आवाज तेवढा येत होता. वेंडेलिनने पहार लावली, दगड हलवला, कलता केला, आडवा पाडला. वाटलं होतं त्यापेक्षा तो सहज निघाला. खूण त्याने एकेक करून रुमालात घेतली. मग झऱ्याच्या पलीकडे जुना खड्डा शोधला. जमीन अजून तिथं मऊ होती. तो खोदू लागला. वरून, धुक्यातून, लोकांनी म्हटलेल्या प्रार्थनेचा गुंजारव येत होता, मग तो थांबला.

दगड लोटत लोटत त्याने निम्मं अंतर आणला असेल. तेवढ्यात त्याला पावलं ऐकू आली. एकाची नव्हेत. ओल्या गवतातून पुष्कळ पावलं, आणि धुक्यात पिवळे ठिपके. हातातल्या मेणबत्त्या लोकांनी विझवल्याही नव्हत्या.

पळायला वेळ होता. पण वेंडेलिनच्या मनात पळायचं आलं नाही. आधी आलं ते एवढंच, की बाहेरचे लोक येताहेत आणि खूण उघडी आहे. सातांतल्या कुणालाही आधी तेच सुचलं असतं. त्याने रुमालाची घाईघाईने गाठ मारली आणि तो कोटाच्या आतल्या खिशात कोंबला. धुक्यातून पुढे आलेल्या लोकांना त्याचं दर्शन झालं ते असं. पायाशी उपटलेला दगड, शेजारी पहार, हात खिशात.

पुढे किलियान होता, मागे उर्बान आणि बाकीचे चौघे. त्यांच्या मागे वालबुर्गा, हासेलरोटचे सरपंच, निम्मं गाव. ओटिलीही होती.

"खिशात काय घातलंस?" वालबुर्गाने विचारलं.

वेंडेलिनने किलियानकडे पाहिलं. म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"दाखवू नकोस," किलियान म्हणाला. "ती सातांची वस्तू आहे. इकडे दे." आणि वेंडेलिनने रुमाल काढून दिला. शपथ तशीच होती.

मग किलियान वालबुर्गाकडे वळला. त्याचा आवाज शांत होता, थोडा दुःखी. त्या दिवशी आम्ही खूण बघून बोललो, म्हणाला. खूण बरोबर होती म्हणून दगड बरोबर म्हणालो. पण माझं मन मला खात होतं. खूण फक्त आम्हा सातांना ठाऊक, म्हणजे चोर असलाच तर आमच्यातलाच. कोण ते कळत नव्हतं. कुरण माझं असलं तरी गाई कुणाच्या चरतात, माझ्यामागे ते कुणाला जाणार, हे मला दिसायला हवं होतं. आता मोजणीवाले येणार म्हटल्यावर तो घाबरला, आणि आज कबरीपाशी तो दिसला नाही तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं. मीच त्याला हातात धरलं होतं, वालबुर्गा. मला माफ कर.

"काका," वेंडेलिन म्हणाला. "तुम्हीच पाठवलंत मला. तुम्हीच म्हणालात, दगड मी हलवला."

लोकांत कुजबुज झाली. सरपंचांनी किलियानकडे पाहिलं. किलियान रागावला नाही. त्याने फक्त आपल्या माणसांकडे तोंड केलं आणि रीतीप्रमाणे, नावाने, विचारायला सुरुवात केली.

"उर्बान, दगड मी हलवला?"

"नाही."

दुसरा म्हणाला, नाही. तिसरा, चौथा, पाचवा. उन्हाळ्यात म्हणाले होते तसेच, एकजणही न अडखळता. ओटिलीने हातातली मेणबत्ती खाली केली होती, मेण तिच्या बोटांवर सांडत होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

आता शेवटी वेंडेलिनची पाळी होती. तो सरळ उभा राहिला. या वेळी त्याला कुरण दिसत नव्हतं, म्हाताऱ्याचा चेहराही नाही. या वेळी तो खरं बोलणार होता, मोठ्याने, टेकडीवर ऐकू जाईल असं. त्याने वालबुर्गाकडे पाहिलं, कारण उत्तर तिला द्यायचं होतं.

"वेंडेलिन," किलियान म्हणाला, "दगड मी..."

"त्याला कशाला विचारताय, किलियानकाका?" वालबुर्गा म्हणाली. "तुम्हा सहांचं मी एक वेळ खरं धरलं नसतं. त्या दिवशी मी याच्याच शब्दावर घरी गेले होते."

तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने चेहरा पुसला, किलियानचा हात हातात घेऊन दाबला, आणि डोणीत पाणी किती आहे ते बघायला खाली गेली.